उसाच्या फडावर टिकेल का? झेडव्ही-ई१० आणि पहिल्या माहितीपटाच्या सामानाचं परखड परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिला माहितीपट आहे, दोघा-तिघांचीच टोळी आहे आणि चित्रीकरण बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टीच्या गावांत किंवा माजलगावकडच्या ऊसपट्ट्यात आहे, तर सोनीचा झेडव्ही-ई१० हा कॅमेरा घ्यायला हरकत नाही. मात्र एकूण पैशांतले निम्म्याहून जास्त पैसे एकट्या कॅमेऱ्यात जात असतील तर घेऊ नका. त्यापेक्षा तालुक्यातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याचा कॅमेरा भाड्याने आणा आणि उरलेले पैसे आवाजावर घाला.

परीक्षणाची कसोटी एकच ठेवली आहे: संध्याकाळी सहाला वस्तू बंद पडली तर गेवराईत किंवा धारूरमध्ये तिच्या जागी दुसरं काही मिळेल का? दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, यूट्यूबवाला डायनॅमिक रेंज सांगतो. फडावर गेल्यावर कळतं की माणूस अडतो तो बारीक सेलवर, वायरवर आणि चार्जरवर.

काम कसल्या जागी आहे ते आधी नीट डोळ्यांसमोर आणा. ऊसतोड पहाटे अंधारात सुरू होते. गार हवा, पानांवर दव, उजेड म्हणजे कपाळावरची बॅटरी नाहीतर ट्रॅक्टरचे दिवे. दुपारी डोक्यावर ऊन आणि पाचटाचा भुगा. संध्याकाळी कोपीत, म्हणजे तोडणाऱ्यांच्या तळावरच्या झोपडीत, एक पिवळा बल्ब असतो, तोही असला तर. हंगाम मार्चपर्यंत लांबला की पारा चाळिशीकडे सरकतो. ह्या तिन्ही वेळा एकाच सामानात भागवायच्या आहेत.

कॅमेरा

झेडव्ही-ई१० हा २०२१ चा कॅमेरा. एपीएस-सी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, लेन्स बदलता येते, बॅटरीसकट वजन साधारण ३४० ग्रॅम. माइक आणि हेडफोन, दोन्हींचे जॅक आहेत. हे किरकोळ वाटेल, पण कॅननच्या आर५० ला हेडफोनचा जॅक नाही आणि माहितीपटाच्या कामात तो तिथेच मागे पडतो. आवाज येतोय का हे पडद्यावरचा पातळीचा काटा बघून नाही, कानाने कळतं. काटा हलत असतो आणि कानात नुसती खरखर असते. रेकॉर्डिंग चालू असताना पडद्याभोवती लाल चौकट दिसते, त्यामुळे ‘चालू केला असं वाटलं’ हा नवशिक्यांचा घोटाळा टळतो.

आता उणिवा. बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, नाही. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण लावलं की चित्र बरंच कापलं जातं. रोलिंग शटर, म्हणजे चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपलं जाणं, चांगलंच जाणवतं: चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून शूट केलं की विजेचे खांब तिरके होऊन डुलायला लागतात. ते एडिटिंगमध्ये सरळ होत नाहीत, तेव्हा गाडी थांबवून, खाली उतरून शॉट घ्या. रंग ८ बिटचेच आहेत, म्हणून लॉगच्या, म्हणजे फिकं शूट करून रंग नंतर चढवायच्या, नादी लागू नका. संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात. साधं पिक्चर प्रोफाइल ठेवा आणि झेब्रा (फार उजळ भागावर पडद्यात पट्टे दाखवणारी सोय) १००+ वर लावून चेहऱ्यावर पट्टे येणार नाहीत एवढं सांभाळा.

डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. दुपारी एकच्या उन्हात पडदा काळा आरसा होतो. मेनूमध्ये ब्राइटनेसला ‘सनी वेदर’ आहे, ते लावा आणि डोक्यावरून काळं उपरणं घ्या. पांढरं घेऊ नका, त्याचा उजेड पडद्यावर पडतो.

कार्डाची खाच एकच, तीही तळाला, बॅटरीच्याच झाकणाखाली. ट्रायपॉडची प्लेट लावलेली असली की झाकण उघडत नाही. अरुंद प्लेट घ्या आणि दुकानातच लावून झाकण उघडून बघा.

तापण्याचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये वापराची मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिली आहे. मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्प’ स्टँडर्डवरून ‘हाय’ करा, नाहीतर मार्चच्या दुपारी मुलाखत रंगात आली की कॅमेरा आपणहून डोळे मिटतो. पडदा बॉडीपासून उघडून बाहेर काढलेला ठेवा, त्यानेही उष्णता निघते. दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा बंद करून पांढऱ्या कापडाखाली ठेवा. तापला म्हणून थंड पाण्याच्या बाटलीला टेकवू नका. आत बाष्प धरतं आणि मग लेन्सवर धुकं येतं. पहाटे दवात गार झालेला कॅमेरा उबदार गाडीत एकदम बॅगेबाहेर काढला तर बाहेरून तेच होतं. बॅगेची चेन थोडी उघडून वीस मिनिटं थांबणं हा त्यावर सोपा उपाय.

सेटिंग एकदाच करा आणि पुढे हात लावू नका: ‘पाल’ (आपल्याकडची व्हिडिओ पद्धत), २५ फ्रेम, शटर सेकंदाचा ५० वा भाग. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बल्ब-ट्यूबच्या उजेडात चित्र लुकलुकत नाही. कमी दाबावर चालणारे स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात, तिथे शटर शंभराव्या भागावर नेऊन बघा. सेकंडहँड बॉडी घेतली असेल तर ती एनटीएससीवर (अमेरिकेतली पद्धत) आहे का ते पाहा. पालवर आणली की कार्ड पुन्हा फॉरमॅट मागते, आणि हे बरोबर पहिल्या दिवशी, भरलेल्या कार्डावर लक्षात येतं.

लेन्स

किटमधली १६-५० घेऊच नका असं नाही, पण फडासाठी ती कच्ची आहे. झूम केलं की नळी बाहेर येते, आत जाते, आणि पाचटाचा बारीक भुगा बरोबर ओढून नेते. टोकाला एफ ५.६ (हा आकडा मोठा तितका आत येणारा उजेड कमी) म्हणजे कोपीत अंधारच. दिवसासाठी सोनीची १८-१०५ एफ ४ घ्या. तिची नळी झूम करताना बाहेर येत नाही, छिद्र सगळ्या झूमभर एफ ४ राहतं, लेन्समध्येच स्थिरीकरण आहे. वजन ४२७ ग्रॅम, म्हणजे कॅमेऱ्यासकट पाऊण किलोच्या आसपास. पहाटेला आणि कोपीत सिग्माची ३० एफ १.४. दोन लेन्स पुरेत. बदलायची वेळ आली तर गाडीत, काचा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. तोंडाने फुंकर मारायची नाही, रबरी ब्लोअर ठेवा. थुंकीचा थेंब सेन्सरवर बसला तर साफ करायला शहर गाठावं लागतं.

उन्हात एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, लागतोच. हिशेब सोपा आहे. भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर ५० वा भाग धरला तर एक्सपोजर एफ २२ च्या आसपास बसतं. एफ ४ वर यायचं तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड अडवायचा, म्हणजे एनडी ३२. व्हेरिएबल (फिरवून गडद-फिका करायचा) एनडी सोयीचा, पण स्वस्तातला पूर्ण फिरवला की वाइड अँगलला आभाळात काळी फुली उमटते. १८-१०५ चा व्यास ७२ मिलिमीटर, सिग्मा ३० चा ५२. मोठ्या व्यासाचा एकच फिल्टर आणि तो लहान लेन्सवर बसवायला एक स्टेप-अप रिंग घ्या, दोन फिल्टर नकोत.

आवाज: पैसे इथे घाला

चित्र हललं तर प्रेक्षक सोसतो. बाई काय म्हणाली ते कळलं नाही तर तो उठून जातो. वडवणीकडची बोली पुण्याच्या प्रेक्षकाला आधीच जरा कान देऊन ऐकावी लागते, त्यात वारा मिसळला की संपलं.

कॅमेऱ्याच्या आतल्या माइकला सोबत केसाळ टोपी मिळते. ती लावा, पण तो आवाज फक्त वेगळं रेकॉर्डिंग नंतर चित्राशी जुळवण्यासाठी धरा.

मुलाखतीला रोड कंपनीचा वायरलेस गो २ हा बिनवायरी माइक चांगला. दोन ट्रान्समीटर, एक रिसीव्हर, आणि मुख्य म्हणजे ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होतं. उघड्यावर २०० मीटरचा पल्ला सांगतात, तो मधे काही नसताना. २.४ गिगाहर्ट्झचे तरंग माणसाच्या अंगात आणि ओल्या पानांत विरतात. उभ्या उसाच्या दोन सऱ्या मधे आल्या की आवाज तुटायला लागतो. म्हणून आतलं रेकॉर्डिंग कायम चालू ठेवा. ‘सेफ्टी चॅनेल’ लावलं की २० डेसिबल खालची दुसरी प्रत मिळते. मुकादम मधूनच ओरडला आणि आवाज फाटला तर ती कामी येते. दोष असा की बॅटरी आतच बंद आहे, बदलता येत नाही. सुमारे सात तासांनी संपली की संपली.

इथेच आपली कसोटी लावू. झूमचा एफ२ हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा रेकॉर्डर, सोबत कॉलर माइक. यात रेडिओ नाहीच, त्यामुळे तुटण्याचा प्रश्न नाही. ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतो, म्हणजे लेव्हल लावायची गरज नाही. कुजबुज आणि आरोळी दोन्ही नंतर सावरता येतात. आणि चालतो तो रिमोटच्या दोन बारीक सेलवर, जे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. तोडणाऱ्याच्या अंगावर सकाळी लावायचा आणि जेवणाच्या सुट्टीला काढायचा. उणीव एवढीच की आवाज दुरून ऐकता येत नाही. लावताना हेडफोनने दहा सेकंद ऐका आणि आवाज नंतर चित्राशी जुळवता यावा म्हणून कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा.

पैसेच नसतील तर बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा कॉलर माइक, सहा मीटर वायरचा. त्यात घड्याळाचा एलआर४४ सेल लागतो. डबीवरची कळ ‘कॅमेरा’कडे सरकवली नाही तर आवाज येत नाही, आणि सरकवून तशीच ठेवली तर सेल रात्रीत बसतो. बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे सेल मिळतो, दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

माइक लावायचा कुठे, हे कुठल्याच पुस्तिकेत नसतं. बायकांच्या गळ्याशी लावला की मंगळसूत्राचे मणी दर हालचालीला त्यावर टकटक आपटतात. तो आवाज बोलण्याच्याच पट्टीत असल्याने काढता येत नाही. पदर ज्या खांद्यावर आहे तिथे, कडेच्या दुमडीत, सेफ्टी पिनने वायरचा एक वेढा अडकवून लावा. वेढा दिला की वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत पोचत नाही. तोडताना बहुतेक जणी साडीवरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. मग शर्टाच्या दुसऱ्या बटणाच्या आतल्या पट्टीवर लावा, घामाचं कापड सुती असतं, घासत नाही. पुरुषांच्या गळ्यातला रुमाल आधी बाजूला करायला सांगा. आणि लावायचं काम शक्यतो तुमच्या चित्रीकरणाच्या टोळीतल्या बाईनेच करावं, किंवा घरातल्याच कुणाला करून दाखवून त्यांच्या हातून करून घ्यावं.

कॅमेऱ्यात आवाज घेताना कॅमेऱ्याची लेव्हल ३१ पैकी ३ ते ५ वर ठेवा आणि आवाज रिसीव्हरकडून वाढवा. उलट केलं तर कॅमेऱ्यातल्या आवाज वाढवणाऱ्या स्वस्त प्रीअँपची शीऽऽ ऐकू येते. वाऱ्याला स्पंजची टोपी पुरत नाही. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. केसाळ टोपी, आणि हरवते म्हणून दोन जास्तीच्या.

पत्र्याच्या खोलीत मुलाखत असेल तर दुपारी घेऊ नका. तापलेला पत्रा कडकड वाजत राहतो आणि खोली डब्यासारखी घुमते. दोन गोधड्या कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर टांगल्या तर निम्मं घुमणं जातं. कूलर बंद करायला सांगायला लाजू नका. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या, एडिटर दुवा देईल.

वीज आणि साठवण

ह्या कॅमेऱ्याची एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी जेमतेम सव्वासात वॅट-तासांची. बंद-चालू करत तास-सव्वा तास चालते. दिवसाला किमान पाच लागतात, हीच ह्या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी कमजोरी. नंतरच्या झेडव्ही-ई१० टू मध्ये मोठी एनपी-एफझेड१०० बॅटरी आणि १० बिट रंग आले. पैसे असतील तर फरकाचे पैसे टाकावेत ते ह्यासाठी. स्वस्तातल्या नकली बॅटऱ्या उन्हात फुगतात आणि कॅमेऱ्यात अडकून बसतात. प्रत्येकीवर नंबर टाका, जी आधी संपते ती बाजूला काढा.

२०,००० एमएएचची पॉवर बँक कागदावर ७४ वॅट-तासांची, हातात येतात त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे पाच बॅटऱ्यांची एक फेरी. दोन खाचांचा यूएसबी चार्जर घ्या, कॅमेऱ्यातच चार्ज करत बसाल तर रात्र पुरत नाही. तळावर वीज नसतेच. गावातही शेतीपंप सुरू झाले की दाब पडतो. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना ते पाहा आणि स्पाइक गार्ड बरोबर ठेवा. बैठकीत टीव्हीच्या मागे असलेला एकुलता एक प्लग तुम्ही रात्रभर अडवणार असाल तर घरच्यांना आधी विचारा.

फोर-के २५ फ्रेम, १०० एमबीपीएसवर एका तासाला ४५ जीबी जातात. ६० एमबीपीएसवर २७. बसून घेतलेल्या मुलाखती ६० वर घेतल्या तर काही बिघडत नाही. दहा दिवस, रोज दोन तास, १०० वर म्हणजे ९०० जीबी. १ टीबीच्या डिस्कमध्ये हे काठोकाठ बसतं, तेव्हा २ टीबी घ्या, आणि दोन घ्या. एक कॅमेरावाल्याच्या बॅगेत, दुसरी आवाजवाल्याच्या. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जीपमध्ये चालू ठेवू नका, एसएसडीच बरी. कार्ड व्ही३० (वेगाचा दर्जा) चं, ६४ जीबीची चार. २५६ चं एक घेतलं आणि तेच गेलं तर त्यावरचं सगळंच गेलं.

कॉपी करताना नुसत्या व्हिडिओ फाइल उचलू नका, कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ फोल्डर सबंध घ्या. दोन्हीकडे आल्यावर प्रत्येक फाइलचे शेवटचे दहा सेकंद चालवून बघा. अर्धवट कॉपी तिथेच उघडी पडते. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही.

पाय, आणि काय नको

ट्रायपॉड फ्लुइड हेडचा (डोकं झटका न देता फिरणारा), पाच किलो पेलणारा. काळ्या मातीत, पाणी दिलेल्या सरीत पाय रुततात आणि शॉट चालू असताना चित्र हळूहळू कलतं. प्रत्येक पायाखाली विटेचा तुकडा किंवा फळीचा चौकोन ठेवा. जमिनीलगतच्या शॉटसाठी किलोभर ज्वारी जाड कापडी पिशवीत सैल भरून घ्या, आत प्लास्टिकची पिशवी घालून, नाहीतर रात्रीतून मुंग्या लागतात. बाजारातल्या बीनबॅगपेक्षा चांगली बसते.

गिम्बल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा मोटरचा दांडा) नको. शिकायला वेळ जातो, चार्ज करायची आणखी एक वस्तू वाढते आणि कोयता चालवणाऱ्या माणसामागे तरंगणारा कॅमेरा खोटा दिसतो. ड्रोनही पहिल्या फिल्ममध्ये नको. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, बिघडला तर भाग मिळवताना नाकी नऊ येतात. दिवे म्हणाल तर एक छोटा एलईडी आणि मंडपवाल्याकडचा थर्माकोलचा पांढरा तक्ता पुरतो.

मग भाड्याचा कॅमेरा कधी?

फिल्म मुख्यतः मुलाखतींची असेल तर सोनीचा एनएक्स१०० बघा. लग्नाच्या शूटिंगवाल्यांमध्ये हा फार चालला. फक्त फुल एचडी, सेन्सर एक इंची, कोपीतल्या अंधारात दाणे येतात. पण एक्सएलआर (मोठ्या व्यावसायिक जोडणीच्या) माइकची सोय आहे, तीन पायऱ्यांचा एनडी आतच आहे, १२ पट झूम आहे, कार्डाच्या दोन खाचा आहेत म्हणजे जागच्या जागी दुसरी प्रत होते. आणि बॅटरी एनपी-एफ जातीची: एका मोठ्या बॅटरीवर दुपार निघते, आणि तीच बॅटरी लग्नवाल्यांच्या दिव्यांनाही चालते म्हणून उसनी मिळते. आमच्या कसोटीत हा झेडव्ही-ई१० च्या पुढे आहे, नवा नसला तरी. घेताना एक बघा: लग्नवाल्याने तो ५० आयवर (दर चित्र दोन अर्ध्यांत टिपणारी पद्धत) ठेवलेला असतो. तसाच वापरला तर कोयता फिरताना पात्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. २५ पीवर (पूर्ण चित्र एकदम) आणा, आणि परत करताना पुन्हा ५० आयवर ठेवा, नाहीतर पुढच्या हळदीला तुमच्या नावाने खडे फुटतील.

सोनीचा एफएक्स३० (२०२२) ह्या दोघांपेक्षा बहुतेक बाबतीत सरस: आत पंखा, दोन खाचा, १० बिट, बॉडीत स्थिरीकरण, मोठी बॅटरी. शहरातून दहा दिवसांच्या भाड्याने मिळत असेल तर जरूर घ्या. विकत घेऊन माइकला पैसे उरणार नसतील तर नको.

मोबाइलवर करायचं असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप टाका आणि २५ फ्रेम पक्के करा. मोबाइलचा मूळ कॅमेरा फ्रेमचा वेग आपल्या मनाने बदलतो, मग वेगळा घेतलेला आवाज दहा मिनिटांत ओठांच्या मागे पडतो.

सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास सलग फोर-के चालवून बघा. लेन्सचं झाकण लावून आयएसओ ३२०० वर दहा सेकंद शूट करा आणि लाल-पांढरे ठिपके मोजा. लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का पाहा. माइकचा जॅक घालून बोटाने हलकेच हलवा, हेडफोनमध्ये कडकड आली तर तो कॅमेरा तिथेच ठेवून या.